सॅमसंग टी-७ शील्ड (२ टीबी): रात्रभराचं नाटक हलवायला किती वेळ लागतो?

आधी निकाल सांगतो. मोठ्या व्हिडिओ फाइली वारंवार इकडून तिकडे कराव्या लागत असतील तर सॅमसंगची टी-७ शील्ड ही एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) घ्या, पैसे वसूल होतील. मात्र लॅपटॉपचा पोर्ट कोणता आणि केबल कोणती लावणार, हे आधी बघा. ते न बघता घेतलीत तर तुमच्या जुन्या हार्ड डिस्कइतकाच वेळ लागेल, आणि दोष या बिचाऱ्या डिस्कचा नसेल.

मी कुडाळ परिसरात दशावतारी नाटकांचं चित्रीकरण करतो. कार्तिक पौर्णिमेच्या आगेमागे जत्रा सुरू झाल्या की उन्हाळा संपेपर्यंत आमचा हंगाम. रात्री उशिरा आडदशावतार, म्हणजे नाटकाचा पूर्वरंग, सुरू होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात, संकासुर मालवणीत लोकांना हसवतो, मग आख्यान लागतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं. या नाटकांना लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे कालच्या रात्री नारद जे बोलला ते उद्या दुसऱ्या गावात तसंच्या तसं बोलला जाणार नाही. कार्डावरची ती फाइल गेली तर ती रात्र गेली. फाइली कशा हलवायच्या याचा एवढा विचार मी करतो, तो यासाठी.

हिशोब साधा आहे. कॅमेरा सोनीचा, फोर-के, सेकंदाला १०० मेगाबिट. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. पाच तासांच्या नाटकाचे झाले २२५ जीबी, आणि तेही एकाच कॅमेऱ्याचे. कार्डावर फाइलींची नावं सी०००१, सी०००२ अशी असतात. घरी आल्यावर त्या उतरवायच्या, गाव, मंडळ, आख्यान आणि तारीख घालून नावं बदलायची, मग संकलनाच्या फोल्डरात न्यायच्या आणि शेवटी साठवणीच्या डिस्कवर टाकायच्या.

दुसरा कॅमेरा सांभाळायला आमच्या वाडीतला एक पोरगा माझ्याबरोबर असतो. हुशार आहे, विचारल्याशिवाय राहत नाही. एकदा त्याने विचारलं, "दादा, फाइल तीच, डिस्क तीच, मगे एका फोल्डरातून दुसऱ्यात झटक्यात जाता, नि डी मधून ई मध्ये टाकलंय तर अर्धो तास कित्याक?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कळल्याशिवाय कुठलीही डिस्क विकत घेऊ नये असं माझं मत आहे.

जमिनीचा फेरफार झाला की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, जमीन जागची हलत नाही. फाइलचं नाव बदलणं हे तसंच. डिस्कवर एका भागात नोंदवही असते: अमुक नावाची फाइल, इतकी मोठी, अमुक ठिकाणी ठेवलेली. नाव बदललं की ती एक नोंद बदलते. फाइल ४ केबीची असो की ४५ जीबीची, काम सारखंच. त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात नेलं तरी नोंदच बदलते, व्हिडिओचा एक बाइटही हलत नाही. म्हणून ते झटक्यात होतं.

पण प्रत्येक ड्राइव्हची नोंदवही वेगळी. डी मधली फाइल ई मध्ये न्यायची तर ई च्या वहीत डी मधली जागा लिहिता येत नाही. मग कॉम्प्युटर सगळी फाइल वाचतो, दुसरीकडे पहिल्यापासून लिहितो, आणि ते पुरं झालं की मूळ फाइल पुसतो. आपण 'कट-पेस्ट' म्हटलं तरी आत कॉपी आणि डिलीट ही दोन कामं होतात. विंडोजमध्ये हेच, मॅकवर हेच, लिनक्सवरही हेच.

आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारे एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून देतात. दिसायला तीन डिस्क, आत एकच. या तुकड्यांमध्ये फाइल हलवली की सगळ्यात वाईट वेग मिळतो. वाचायची तीच डिस्क, लिहायचीही तीच, आणि आतला हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) एका भागात थोडं वाचून दुसऱ्या भागात लिहायला धावतो, परत मागे येतो. दोन वेगळ्या डिस्कांमध्ये हेच काम निम्म्याहून कमी वेळात होऊ शकतं. म्हणून नवीन डिस्क आणलीत की तिचे तुकडे पाडू नका. 'व्हिडिओ' आणि 'बॅकअप' असे दोन फोल्डर करा, पार्टिशन नको. शिवाय एकाच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हेच. डिस्क गेली की दोन्ही गेले.

आता या टी-७ शील्डकडे येतो.

कंपनी वाचण्याचा वेग सेकंदाला १०५० एमबी आणि लिहिण्याचा १००० एमबी सांगते. हा आकडा खरा, पण १० गिगाबिटच्या यूएसबी पोर्टवर. माझ्या लॅपटॉपला तसा एक टाइप-सी पोर्ट आहे. त्यावर २२५ जीबीचं एक नाटक लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून चार-साडेचार मिनिटांत या डिस्कवर येतं. चहा गाळून होईपर्यंत काम झालेलं असतं. त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या ५ गिगाबिटच्या जुन्या पोर्टला लावली की तेवढ्याच फाइलींना नऊएक मिनिटं लागतात. तेही चालतं, तक्रार नाही.

खरा फटका केबलचा. डिस्कबरोबर दोन केबली येतात, एक सी टू सी आणि एक सी टू ए. त्या दोन्ही जपून ठेवा, नाव लिहून ठेवा. कारण मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक टाइप-सी केबली आतून यूएसबी २.० च्याच असतात. टोक तेच, बसतेही बरोबर, डिस्क दिसतेही, फक्त वेग सेकंदाला ३५ ते ४० एमबीवर येतो. मग चार मिनिटांच्या कामाला दीड तासाहून जास्त लागतो. आमच्याकडे मंडपात, जनरेटरच्या बाजूला, अंधारात हाताला येईल ती केबल लावली जाते. म्हणून मी डिस्कच्या केबलीच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळली आहे. कुणी विचारलं की 'एसएसडी घेऊनही फाइल हळू का जाते', तर मी पहिल्यांदा केबल मागवून बघतो.

दुसरी गोष्ट लोकांना पटवायला वेळ लागतो. कार्डावरून थेट या डिस्कवर उतरवलंत तर हिचा वेग काहीच कामाचा नाही. साधं यूएचएस-१ प्रकारचं एसडी कार्ड जास्तीत जास्त सेकंदाला १०४ एमबी देऊ शकतं, प्रत्यक्षात ८५-९० मिळतात. म्हणजे २२५ जीबीला पाऊण तास लागणार, पलीकडे डिस्क कितीही धावणारी असो. दोघांमध्ये जो हळू, त्याच्या वेगाने काम होतं. हा वेळ कमी करायचा असेल तर यूएचएस-२ चं कार्ड आणि तसाच रीडर हवा, आणि त्या कार्डांची किंमत बघून मी तूर्त पाऊण तास थांबणं पसंत केलं आहे. नाटकानंतर सामान बांधायला तेवढा वेळ जातोच.

मग हिचा फायदा कुठे? उतरवल्यानंतरच्या प्रत्येक पायरीला. लॅपटॉपवरून डिस्कवर, डिस्कवरून घरच्या पीसीवर, पीसीवरून परत लॅपटॉपवर. शिवाय संकलन थेट या डिस्कवरच करता येतं, फोर-केच्या दोन कॅमेऱ्यांच्या फाइली एकदम चालवूनही अडखळत नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडलं, कारण संकलन इथेच झालं तर फाइल लॅपटॉपवर हलवायचीच गरज राहत नाही. हलवण्याचा वेळ वाचवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे हलवणंच कमी करणं.

वेग टिकतो का, हा एसएसडीच्या बाबतीत मोठा प्रश्न असतो. एका ओळखीच्याकडून मी दुसऱ्या कंपनीची स्वस्तातली एसएसडी वापरायला आणली होती. सुरुवातीला तिचा वेगही डोळे दिपवणारा. काही जीबी गेले आणि काटा धाडकन खाली आला, सेकंदाला शंभराच्या आसपास. यामागे कारण आहे. स्वस्त एसएसडीत एका कणात चार-चार बिट साठवतात, त्यात लिहायला वेळ लागतो. म्हणून थोडा भाग एकेक बिट लिहायला राखून ठेवतात. तो भरेपर्यंत वेग झकास, भरला की डिस्क तिच्या मूळ चालीवर येते. फोटो, कागदपत्रं, एखादा सिनेमा हलवणाऱ्याला ही मर्यादा कधी कळणारही नाही. रात्रभराचं नाटक हलवणाऱ्याला ती दर वेळी भेटते. टी-७ शील्डवर दोनशे-सव्वादोनशे जीबी एका दमात टाकतानाही वेग असा कोसळत नाही, आणि माझ्या दृष्टीने हिची किंमत याच एका गुणासाठी द्यायची. हाताला गरम लागते, पण धरता येत नाही एवढी नाही.

विंडोजमध्ये कॉपी सुरू झाली की पहिले काही क्षण जो भन्नाट आकडा दिसतो त्यावर कधीच विश्वास ठेवू नका. तो बऱ्याचदा रॅममध्ये भरलं जाण्याचा वेग असतो. निदान ५० जीबी जाऊ द्या, मग जो आकडा स्थिर राहील तो खरा.

माझी साठवण मात्र अजून अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्कांवरच आहे, आणि तिथे दुखणं वेगळं आहे. जास्त क्षमतेच्या, छोट्या आकाराच्या बऱ्याच हार्ड डिस्कांमध्ये एसएमआर पद्धत वापरतात. यात डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतं. नव्या कोऱ्या डिस्कवर सरळ लिहिताना ठीक चालतं. जुन्या फाइली पुसून त्या जागी नव्या लिहायला गेलं की एका पट्ट्यासाठी शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. सेकंदाला १२० ने निघालेली कॉपी मग ३० वर येते, मधेच काही क्षण शून्यावरही थांबते. डिस्क खराब झाली असं वाटतं, पण ती तिच्या पद्धतीने कामच करत असते. खोक्यावर ही पद्धत बहुधा लिहिलेली नसते. २०२० साली मोठ्या कंपन्या ग्राहकांना न सांगता ही पद्धत वापरतात हे बाहेर आलं आणि बराच गदारोळ झाला, तेव्हापासून निदान काही मॉडेलांच्या माहितीपत्रकात ते सापडतं. अशा डिस्कवर एकदा लिहा आणि ठेवून द्या. रोज पुसा-लिहायला ती नाही.

साठवणीसाठीही एसएसडीच का घेत नाही, असं विचाराल. किंमत हे एक कारण. दुसरं म्हणजे वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेल्या एसएसडीतला, डेटा धरून ठेवणारा विद्युतभार हळूहळू उतरू शकतो, भरपूर वापरून झालेल्या डिस्कमध्ये जास्तच. माझी नाटकं पुढच्या पिढीने बघावीत अशी माझी इच्छा आहे, तेव्हा दोन हार्ड डिस्कांवर दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.

आता पुन्हा त्या पोराच्या प्रश्नाकडे. नाव बदलणं म्हणजे एकच नोंद, तर मग कधी कधी नुसतं नाव बदलायलाही कॉम्प्युटर का गोल फिरत बसतो?

याची कारणं फाइलच्या आकारात नसतात, तिच्या भोवती चाललेल्या कामांत असतात. हार्ड डिस्क झोपलेली असेल तर ती फिरायला लागेपर्यंत काही सेकंद जातात. फोल्डर उघडला की विंडोज प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र आणि लांबी काढायला फाइल उघडतं, आणि एमपी४ मध्ये ही माहिती पुष्कळदा फाइलच्या अगदी शेवटी असते, म्हणून ४५ जीबीच्या टोकापर्यंत जाऊन यावं लागतं. अँटिव्हायरस तीच फाइल तपासत असतो. संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडी असते, मग 'फाइल वापरात आहे' असा निरोप येतो. फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर आणखी भानगड. तिथे फाइल दिसते, पण ती कदाचित तुमच्या डिस्कवर नसतेच. बाहेर हलवायला गेलात की आधी सगळी डाउनलोड होते. गावातल्या इंटरनेटवर ४५ जीबी म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

माझा उपाय: व्हिडिओच्या फोल्डरात चित्रांऐवजी 'तपशील' ही मांडणी, त्यातले लांबी वगैरेचे रकाने काढून टाकलेले, संकलनाचा प्रोग्रॅम बंद, आणि मोठ्या फाइली क्लाउडच्या फोल्डराबाहेर. या डिस्कवर तर नाव बदलणं एंटर दाबताच होतं, तिला झोपेतून उठायचं नसतं.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ही डिस्क एक्सफॅट मांडणीत (नोंदवही ठेवायच्या एका पद्धतीत) येते. त्यात फाइलच्या नावाला २५५ अक्षरचिन्हं चालतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे 'श्री' मध्येच चार गेली. तरी पुष्कळ जागा आहे. पण लिनक्सवर चालणाऱ्या साठवणीच्या पेटीत हीच फाइल टाकायला गेलात की तिथे हिशोब २५५ बाइटचा असतो, आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे फक्त ८५ चिन्हं. गाव, मंडळ, आख्यान, मुख्य नटांची नावं आणि तारीख एका नावात कोंबली की ८५ सहज ओलांडतात, आणि तिथे कॉपी अडते. मी आता नावात तारीख, गाव आणि आख्यान एवढंच ठेवतो. मंडळाचं आणि कलाकारांचं नाव सोबतच्या मजकुराच्या फाइलमध्ये सविस्तर लिहितो. तिथे त्यांना पूर्ण मान मिळतो.

एक्सफॅट बदलून एनटीएफएस, म्हणजे विंडोजची स्वतःची मांडणी, करावी का? नुसत्या विंडोजवर काम असेल तर करा. एक्सफॅटमध्ये नोंदवहीत अर्धवट राहिलेला बदल सावरायची सोय नाही, लिहिताना केबल निघाली तर नोंदी बिघडू शकतात. मी तशीच ठेवली आहे, कारण परळ-लालबागला राहणारी आमच्याकडची मंडळी नाटकं मागतात आणि त्यांच्यापैकी कुणाकडे मॅक असतो. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण त्यावर स्वतःहून लिहीत नाही. एक्सफॅट दोघांनाही चालते. काढताना मात्र 'इजेक्ट' केल्याशिवाय केबलीला हात लावायचा नाही.

आणि कार्डावरून कधीही 'कट' करू नका. आधी सांगितलं तसं, हलवणं म्हणजे कॉपी आणि मग पुसणं. एका नाटकाच्या दहा-बारा फाइली असतात. मधेच वीज गेली तर चार इकडे, आठ तिकडे, आणि कोणती पुरी उतरली ते बघत बसा. मी नेहमी कॉपीच करतो, तीही टेराकॉपी या प्रोग्रॅमने. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइली ताडून बघायची सोय त्यात आहे. विंडोजची साधी कॉपी असं ताडत नाही. या पडताळणीला वेळ लागतो हे खरं. पण एसएसडीवर तो भाग काही मिनिटांत संपतो, हार्ड डिस्कवर अर्धा तास जातो, आणि म्हणून लोक तो टाळतात. वेगवान डिस्क घेतल्यापासून मी एकही नाटक न ताडता सोडलेलं नाही. दुसरी प्रत झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करायचं.

बाकी बांधणीबद्दल थोडक्यात. वजन १०० ग्रॅमच्या आत, बाहेरून रबराचं आवरण, धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्याला आयपी६५ दर्जा. मंदिराच्या आवारातली धूळ, पहाटेचं दव, मोटरसायकलच्या डिकीतला प्रवास, या सगळ्यात ती बेफिकीर राहते. हार्ड डिस्कसारखा आत फिरणारा भाग नाही, त्यामुळे खड्ड्यांची भीती नाही. पोर्टला झाकण मात्र नाही, म्हणून मी ती चेनच्या छोट्या पाकिटात ठेवतो. पासवर्ड लावायची सोय आहे, मी वापरत नाही. वॉरंटी तीन वर्षांची.

किंमत सांगत नाही, कारण एसएसडीचे भाव सारखे वरखाली होतात. दुकानातून घ्या, बिल घ्या. ओरोस, कणकवली, कुडाळ कुठूनही घेताना आपला लॅपटॉप बरोबर न्या, खोक्यातलीच केबल लावा आणि एखादी मोठी फाइल, निदान ५० जीबीची, दुकानातच टाकून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. ४ टीबीचीही मिळते, पण मला विचाराल तर तेवढ्या पैशात २ टीबीच्या दोन घ्या. एक जत्रेत कॅमेऱ्याबरोबर राहील, दुसरी घरी संकलनाला, आणि एकीवरचं नाटक दुसरीवर जाईपर्यंत तुम्हाला जागं राहावं लागणार नाही.